घमेलंभर माती

माझ्या सख्ख्या भावाने मला दोन वर्षांत अकरा वेळा "पुढच्या महिन्यात" म्हणून सांगितलं. तेव्हा मी मोजत नव्हते. मोजायची वेळ आली तेव्हा स्वयंपाकघरातली दोन्ही कॅलेंडरं काढून बसले, जुनं आणि नवं. तो तारीख सांगायचा आणि मी वेड्यासारखी त्या तारखेला लाल पेनाने गोल करायची. अकरा गोल निघाले.

गोल कशासाठी, तर एका तरसासाठी. हसा, सगळेच हसतात. प्राणिसंग्रहालयात बावीस वर्षं कीपर आहे म्हटलं की लोक विचारतात, वाघ सांभाळता का, हत्ती सांभाळता का. मी म्हणते, तरस. मग "अस्सं" म्हणून पोरांच्या शाळेबद्दल बोलायला लागतात. मला आता त्याचं काही वाटत नाही.

तिचं नाव गुंडी. तरसाची पाठ पुढून उंच आणि मागे उतरती असते, म्हणून माझ्या जोडीच्या कीपरने तिला घसरगुंडी म्हणायला सुरुवात केली, आणि एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार? सतरा वर्षांची होती. तरसाच्या मानाने आजीच म्हणायची. तिची जागा अगदी मागच्या रांगेत, पाण्याच्या टाकीला लागून. शेजारी शेजारी दोन कप्पे, मधे सरकतं दार, दोन्हीकडे सिमेंटची फरशी. तिथपर्यंत माणसं यायची ती स्वच्छतागृह शोधत.

आता तरस हा खणणारा प्राणी. त्याला बीळ लागतं, खड्डा लागतो, हाड पुरून ठेवायला जागा लागते. गुंडी चौदा वर्षं सिमेंट खणत होती. रोज संध्याकाळी खाणं यायच्या आधी डाव्या कोपऱ्यात जायची आणि पुढच्या दोन पायांनी खरड खरड खरड. त्या जागी फरशीला माझी चार बोटं मावतील एवढा खळगा पडला होता. नखं झिजून बोथट झालेली. मी तिथे गवत टाकून बघितलं, फळी टाकून बघितली. ती नाकाने बाजूला सारायची आणि पुन्हा सुरू. झूचे साहेब म्हणायचे, सवय आहे. सवय कसली डोंबलाची! तिला माती हवी होती. कप्प्यात माती टाकायला बंदी, कारण गटार तुंबतं. बावीस वर्षांत मी तो अर्ज सहा वेळा केला आणि सहाही वेळा गटार आडवं आलं.

माझा भाऊ आमच्याच झूमध्ये बांधकामावर सुपरवायझर. त्याला मी अजून धाकट्याच म्हणते, केस पिकले तरी. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा आणि मी सतराची. त्याची शाळा, त्याचा ताप, त्याची अंधाराची भीती, सगळं माझ्या अंगावर पडलं. मी त्याला वाढवलं असं मी कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. त्याची बायको हॉस्पिटलात पाळीवर असते, म्हणून दुपारचा डबा माझ्याकडून. पिशवीत दोन डबे, निळ्या झाकणाचा त्याचा. फीड रूमच्या मागे एक बाक आहे, तिथे आम्ही दोघं बसून जेवायचो. किती वर्षं ते विचारू नका.

दोन वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी तो हातात कागदाची गुंडाळी घेऊन घरी आला. "ताई, टेबल रिकामं कर," म्हणाला, आणि नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर मिठाची बरणी, माझा चष्मा, एक बटाटा आणि त्याचा स्वतःचा हात.

"हे काय?"

"गुंडीचं नवं आवार. मंजूर झालं."

मला आधी खरंच वाटेना. त्या नकाशात टेकाड होतं, झुडपं होती, एक खोदलेली गुहा होती, आणि सगळीकडे माती, माती, माती. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग मला रडू आलं, आणि मग मी चहा टाकला.

"किती खोल खणते गं ती?" त्याने विचारलं.

"सिमेंटात चार बोटं गेलीय. मातीत कुठवर जाईल ते तूच बघ."

मी त्याला नीट सांगितलं. भिंतीच्या आधी जमिनीखाली लोखंडी जाळी अंथर, निदान चार फूट खाली, नाहीतर ही बाई एका आठवड्यात तिकीट खिडकीशी निघेल. तो हसला आणि नकाशावर पेन्सिलीने लिहून घेतलं: जाळी, चार फूट, भिंतीआधी. ते त्याचं अक्षर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मग ते भिजत घोंगडं सुरू झालं. आधी बनावट खडकांचा रंग साहेबांना आवडला नाही, म्हणून खडक फोडून पुन्हा केले. मग खडक करणारे कारागीर दुसरीकडे निघून गेले. मग आवाराच्या आधी लोकांसाठी रस्ता केला, रस्त्याच्या कडेला बाकं लावली, आणि आवाराच्या जागी नुसता खड्डा. एक मात्र वेळेवर झालं. पाटी. तिच्यावर तरसाचं चित्र आणि खाली "लवकरच येत आहे!" चित्रातलं तरस कुत्र्यासारखं दिसत होतं, पण मी म्हटलं, असू दे, लग्नाच्या पत्रिकेत तरी कुठे सगळे सुंदर असतात.

"धाकट्या, घोडं कुठे अडलंय?" मी रोज बाकावर विचारायची.

"पुढच्या महिन्यात, ताई. नक्की."

दुसऱ्या वर्षी ती पाटी नाहीशी झाली. मी विचारलं तर म्हणाला, रंगवायला नेलीय. मी म्हटलं बरं झालं, तोंड जरा तरसासारखं करा म्हणावं.

त्याच सुमाराला तो क्रेट घेऊन आला. क्रेट म्हणजे प्राणी हलवायचा लाकडी पिंजरा, गुंडी उभी राहून फार तर मान वळवू शकेल एवढा, पुढे आणि मागे वर ओढायची दारं. "ताई, जागा तयार व्हायला आता थोडेच दिवस आहेत. तिला तोवर आत जायला शिकवून ठेव. ती तुझंच ऐकते." त्या क्रेटच्या आत कोपऱ्यात पाण्याचं भांडं पक्कं बसवलेलं होतं, बाहेरून नळीने भरता येईल असं. मी धाकट्याचं कौतुक केलं. बघा, जुन्या कप्प्यापासून नव्या आवारापर्यंत दोनशे पावलं, तेवढ्यासाठीसुद्धा पोराने पाण्याचा विचार केला! घरी येऊन नवऱ्यालाही सांगितलं. माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही. दोनशे पावलांना पाणी कशाला लागतं?

तर मी शिकवायला लागले. हे काम कसं करतात ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. क्रेट दोन कप्प्यांच्या मधे ठेवायचा. मागचं दार गुंडीच्या कप्प्याकडे, पुढचं दार शेजारच्या रिकाम्या कप्प्याकडे. जनावर मागून आत येतं. मागचं दार पडतं. मग पुढचं दार उघडतं आणि समोर काहीतरी चांगलं असतं. एवढंच. पण हा क्रम एकदाही बदलायचा नाही. एकदा जरी मागचं दार पडलं आणि पुढचं उघडलं नाही, तरी जनावर पुन्हा त्या पेटीकडे बघत नाही. कीपरच्या कामात मी नवीन होते तेव्हा मला हेच पहिल्यांदा शिकवलं होतं: आपण जनावराला वचन देतो ते दाराने देतो.

समोर काय चांगलं ठेवायचं? दुसऱ्या कुणी मांस ठेवलं असतं. मी नव्या आवाराच्या जागेवर गेले, तिथल्या ढिगातून घमेलंभर माती आणली आणि तिच्यात एक हाड पुरलं. घमेल्याला परवानगी मिळाली, कारण ते उचलून नेता येतं, गटाराला त्याचा त्रास नाही.

पहिल्या दिवशी गुंडी क्रेटच्या आसपास फिरकली नाही. मानेवरची आयाळ उभी. तरस घाबरलं की मानेपासून शेपटीपर्यंतचे केस उभे राहतात आणि ते दुप्पट दिसायला लागतं. नऊ दिवस तसंच. दहाव्या दिवशी तिला मातीचा वास लागला. तिने एक पाय आत टाकला, मग दुसरा. मी म्हटलं, "माती, गुंडी, माती," आणि पुढचं दार वर ओढलं.

ती घमेल्याशी गेली. आधी नुसतं हुंगलं. मग पंजा घातला. सिमेंटवर खरडायची सवय असलेला तो पंजा मातीत एकदम खोल गेला, आणि ती दचकून मागे झाली, आणि माझ्याकडे बघितलं. मग तिने जे खणायला सुरुवात केली ते विचारू नका. माझ्या तोंडावर, केसांत, सगळीकडे माती. मी पोट धरधरून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पाच महिने मी हे रोज केलं. शेवटी शेवटी मी नुसतं "माती" म्हटलं की ती डुलत यायची, क्रेटमध्ये शिरायची, पुढच्या दाराला नाक लावून बसायची. मागे दार धाडकन पडलं तरी वळून बघायची नाही. पाच महिन्यांत पुढचं दार उघडलं नाही असं एकदाही झालं नाही. मी तिला सांगायची, "हे घमेलं म्हणजे नुसती चव आहे बाई. खरं जेवण पुढच्या महिन्यात."

मला कळलं ते झाडूमुळे. माझा झाडू मोडला म्हणून मी स्टोअरमध्ये गेले. स्टोअर सांभाळणारे काका म्हणजे भला माणूस, कानाने कमी, बोलायला जास्त. ते झाडू शोधत होते आणि मी इकडेतिकडे बघत होते. भिंतीला टेकून जाळीची गुंडाळी उभी होती. जाड लोखंडी जाळी, प्लॅस्टिकचं वेष्टनसुद्धा न फाडलेली. वर खडूने लिहिलेलं, "तरस".

"ही इथे कशी?" मी विचारलं.

"ती परत पाठवायचीय. पाणमांजरांना कशाला लागतेय जाळी?"

"कुठली पाणमांजरं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. ते झाडूच्या मागे जाऊन काहीतरी शोधायला लागले.

जाळी भिंतीआधी घालायची असते, आणि भिंत उभी राहून सहा महिने झाले होते. ती मी रोज बघत होते. तिच्या बाजूने चालत जाऊन मी घमेल्यात माती भरत होते. माझ्या मनात एकदाही आलं नाही की जाळी घालताना मी कुणालाच बघितलं नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तसं व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. मला फक्त ते पाण्याचं भांडं आठवलं.

मी तशीच नव्या आवाराकडे गेले. भिंतीच्या आत टांगलेली ताडपत्री पहिल्यांदाच बाजूला केली. टेकाड नव्हतं, गुहा नव्हती. निळ्या फरशीचा मोठा हौद होता, आणि समोर माणसाच्या उंचीची काच. दोन कामगार फरशीच्या सांध्यात पांढरं भरत होते. मी ज्या ढिगातून माती न्यायची तो ढीग हौदातून खोदून काढलेला होता. माझी माती त्यांचा कचरा होता.

धाकट्या पत्र्याच्या शेडमध्ये चहा पीत बसला होता.

"कधीपासून माहितेय तुला?" मी दारातूनच विचारलं.

त्याने काय, कुठलं, असलं काही विचारलं नाही. तेवढी लाज त्याला होती. "ताई, बस आधी. ओरडू नकोस, माणसं ऐकतायत."

"मी ओरडले कुठे अजून? कधीपासून?"

"खडकांचं काम दुसऱ्यांदा थांबलं तेव्हापासून."

म्हणजे वर्ष झालं. क्रेट यायच्या आधीपासून. अकरातले सात गोल त्याने मला माहीत असून करायला लावले होते. रोज दुपारी माझ्या शेजारी बसून, माझ्या हातचं जेवून, मूग गिळून बसला होता. तो वेळ मारून नेत होता आणि मी त्याच्या ताटात वाढत होते.

"तिला कुठे पाठवताय?"

त्याने एका दूरच्या झूचं नाव सांगितलं. ट्रकने एक दिवस आणि एक रात्र. तिथून पाणमांजरांची जोडी इकडे येणार, बदल्यात गुंडी तिकडे. पत्रं झाली, सह्या झाल्या, आठ दिवसांनी ट्रक येणार.

"आणि क्रेटमध्ये शिरायला मी शिकवायचं. माझ्याच हाताने."

"तुला सांगितलं असतं तर शिकवलं असतंस?"

"नाही."

"मग?" त्याचा आवाज चढला. "मग त्यांनी बंदुकीने भुलीचं इंजेक्शन मारून नेलं असतं. या वयात ती उठली असती का? डॉक्टरीणबाईंना विचार. मी साहेबांना म्हटलं, थांबा, ताई तिला शिकवेल. मी जीव वाचवला तिचा, ताई!"

आणि खरं सांगते, तो खोटं बोलत नव्हता, हेच मला सहन होईना. दोन वर्षांपूर्वी गुंडीची दाढ काढली तेव्हा भूल दिली होती. सगळं तासाभरात आटपलं, पण ती दिवसभर उठली नाही. मी तिचे कान चोळत बसले होते. डॉक्टरीणबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, पुन्हा भूल द्यायची वेळ आणू नका.

"तिकडे माती आहे का?" मी विचारलं.

"कुठे?"

"जिथे तिला नेताय तिथे. तिच्या पिंजऱ्यात. माती आहे, की फरशी?"

धाकट्याने कपात बघितलं. "ते विचारलं नाही," तो म्हणाला.

तेव्हा मात्र मी ओरडले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. केसाने गळा कापलास म्हणाले, एवढं आठवतं. आईचं नाव काढलं, तेही आठवतं. फरशीवाले कामगार काम थांबवून उभे राहिले. धाकट्या ऐकत होता. त्याचा तो खालच्या मानेचा चेहरा आठ वर्षांचा असताना होता अगदी तसाच होता, आणि त्यामुळे मला आणखीच चीड आली.

साहेबांकडेही गेले. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, लोक तरसासमोर सरासरी किती सेकंद थांबतात माहितेय? आम्ही मोजलंय."

"मला माहितेय," मी म्हटलं. "मी बावीस वर्षं तिथेच उभी आहे."

त्यांनी काखा वर केल्या. निर्णय वरून झालाय म्हणाले. त्यांच्या वर कोण, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

ते आठ दिवस मी विचार करत होते. मी "नाही" म्हटलं असतं तर माझे हात स्वच्छ राहिले असते. वाटलं असतं मला, बघा, मी नाही फसवलं. आणि मग त्यांनी बंदूक आणली असती. मला स्वच्छ हात हवे होते की गुंडी जिवंत हवी होती? नवरा म्हणाला, रजा टाक, दुसऱ्या कुणाला करू दे. पण दुसऱ्या कुणाच्या आवाजाला ती आली नसती. धाकट्याने हे बरोबर ओळखलं होतं. त्याने मला आतून बाहेरून ओळखलेलं आहे, म्हणून तर त्याला जमलं.

ट्रक सकाळी आला. क्रेट रोजच्याच जागी, दोन कप्प्यांच्या मधे. साहेब, डॉक्टरीणबाई, चार हमाल, सगळे भिंतीआड उभे, म्हणजे गुंडीला दिसू नयेत. डॉक्टरीणबाईंच्या हातात बंदूक तयार होती. मी घमेलं घेऊन गेले होते. म्हटलं, निदान क्रेटमध्ये तरी मूठभर टाकते. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "नको हो. बाहेरची माती चालणार नाही असं तिकडून लिहून आलंय. जंतू असतात." मी घमेलं रिकाम्या कप्प्यात नेऊन ठेवलं, रोज ठेवायची तिथे. का ठेवलं ते मला विचारू नका.

गुंडी कोपऱ्यात तिच्या खळग्यापाशी बसली होती. तिने मला बघितलं आणि उभी राहिली. वाट बघायला लागली.

मी क्रेटशी जाऊन नुसती उभी राहिले. भिंतीआडून धाकट्या कुजबुजला, "ताई." मी तिकडे बघितलं नाही.

"माती," मी म्हटलं. "माती, गुंडी."

ती डुलत आली. क्रेटमध्ये शिरली. पुढच्या दाराला नाक लावून बसली. मागचं दार धाडकन पडलं, आणि तिने वळूनसुद्धा बघितलं नाही. हमालांनी क्रेट उचलला. तो हलला, कलला, एकदा भिंतीला आपटला. मी बाजूने चालत होते आणि हवेच्या भोकांतून आत बघत होते. तिची आयाळ उभी राहिली नव्हती. एक केससुद्धा नाही. ती घाबरली असती तर मला बरं वाटलं असतं. चिडली असती, दात दाखवले असते, तर मी म्हटलं असतं, हो बाई, चीड, तुझा हक्क आहे. ती नुसती त्या दाराकडे तोंड करून बसली होती. ट्रक फाटकातून बाहेर वळला तेव्हा पुढच्या दाराच्या फटीत मला तिचं काळं नाक दिसलं.

"बघ, किती शांत गेली," धाकट्या म्हणाला. "सगळं तुझ्यामुळे, ताई."

मी आत जाऊन घमेलं उचललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाकावर बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की पिशवीत दोन डबे आहेत. सकाळी हातांनी आपणहून भरले होते. धाकट्या आला, जरा लांब उभा राहिला, मग बाकाच्या टोकावर बसला. मी निळ्या झाकणाचा डबा त्याच्याकडे सरकवला. त्याने डबा मांडीवर घेतला, उघडला नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने ऐकलं, "हो, हो" केलं, आणि फोन माझ्यापुढे धरला. "तिकडचे कीपर आहेत. तुझ्याशी बोलायचंय."

आवाज पन्नाशीच्या माणसाचा होता, थकलेला. "बाई, तुमचं तरस पोचलं. जिवंत आहे, ठीक आहे. पण क्रेटमधून बाहेर येत नाही. आम्ही मागचं दार उघडलंय, ते आमच्या पिंजऱ्याला लावलंय, पुढचं भिंतीशी आलंय, उघडता येत नाही. सकाळपासून उघडं आहे. ती वळतच नाही. पुढच्या दाराला नाक लावून बसलीय. मांस ठेवलं, बघत नाही. ती तुमच्या शब्दावर चालते असं कागदात लिहिलंय. काय शब्द आहे?"

म्हणजे एक दिवस, एक रात्र आणि ही सकाळ ती तशीच बसून होती. मी दार उघडेन म्हणून.

"तुमच्याकडे खाली काय आहे?" मी विचारलं. "पिंजऱ्यात. माती आहे का?"

"नाही हो, फरशी. मागच्या रांगेतला जुना पिंजरा आहे."

"मग एक घमेलं घ्या. तुमच्या आवारातली कुठलीही माती घ्या, बागेतली चालेल. आणा आणि तिला दिसेल तिथे ठेवा. मग मी शब्द सांगते."

"माती?" तो थांबला. "आम्हाला विचारावं लागेल. गटाराचा प्रश्न असतो."

"विचारा. मी थांबते."

मी फोन कानाला धरून बसले. लांबून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. धाकट्या झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत होता. बराच वेळ गेला.

"बाई? आमचे साहेब म्हणतात, पुढच्या महिन्यात बघू."

मी हसले. खरंच हसू आलं. तो माणूस गोंधळला. "हॅलो? तोवर तो शब्द तेवढा सांगा ना, म्हणजे ती बाहेर येईल."

"शब्द नाही काही," मी म्हटलं. "दार उघडं राहू द्या, पाणी नळीने आत सोडा, आणि लांब जाऊन बसा. भूक लागली की येईल. तिला काही म्हणू नका. काहीसुद्धा म्हणू नका."

फोन परत दिला. धाकट्या माझ्याकडे बघत होता. "सांगायचा होतास ना शब्द. बिचारी अडकून राहील."

"तो एकदा खोटा ठरला, तेवढा पुरे."

"अगं, पण देतील माती," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात म्हणालेत ना? देतील, ताई. नक्की."

त्याच आवाजात म्हणाला. दोन वर्षं ज्या आवाजात म्हणत होता, अगदी त्याच. आणि मला दिसलं की त्याला स्वतःला ते खरं वाटत होतं.

मी त्याच्या मांडीवरून निळ्या झाकणाचा डबा उचलला, पिशवीत टाकला आणि कामावर निघून गेले.